घागर आखाजीची, सांगावी माघात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन महिना उलटला. घरोघरी घागरी भरल्या, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबे ठेवून पितरांना पाणी दिले, आणि आता तिपाईवरच्या त्याच घागरीखाली परात लावायची वेळ आली आहे. कुठे तळाला केसाएवढी चीर गेली, कुठे बूड ओले होऊन माती सुटू लागली, कुठे पाणी गारच होत नाही. जळगावपासून शहाद्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येते : ‘आताच्या कुंभारांच्या हातात काही राहिले नाही.’ हे वाक्य निम्मे चूक आहे. उरलेल्या निम्म्याला आपण गिऱ्हाईक कारणीभूत आहोत, म्हणून हा पत्रप्रपंच.

घागर चाकावर दहा मिनिटांत उभी राहते, त्यामुळे ती झटपट होणारी वस्तू वाटते. खरा वेळ चाकाच्या आधी आणि नंतर जातो. आपल्याकडची काळी कपाशीची माती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की तितकीच आखडते आणि तडकते. म्हणून तळ्याचा किंवा नदीकाठचा गाळ घ्यायचा, वाळवून फोडायचा, चाळायचा, दोन-तीन दिवस भिजत ठेवायचा आणि त्यात चाळलेली राख व घोड्याची लीद मिसळून तुडवायचा. लिदीतला गवताचा चोथा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पाणी गार होते ते या छिद्रांमुळे. चाकावरून उतरलेल्या मडक्याचे बूड जाड असते. ते थोडे आंबट-ओले, चामड्यासारखे झाले की आतून गुंडा धरून बाहेरून थापीने ठोकत पातळ करायचे. घागरीचे पोट चाकावर होत नाही, ते या ठोकण्याने फुगते. मग सावलीत वाळवण. काठ आधी वाळतो, बूड सर्वांत शेवटी. घाईने उन्हात ठेवले तर काठ आखडून बसतो, बूड अजून ओलेच असते, आणि त्या ओढाताणीत चीर पडते. ती तेव्हा दिसत नाही. घरी आणून पाणी भरल्यावर दिसते.

त्यानंतर गेरूचा हात आणि मग आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते जळण. पहिले काही तास आच मंदच ठेवावी लागते, कारण मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ हळू निघाली पाहिजे. एकदम आच दिली तर मडके आव्यातच फुटते. पुढे मडकी लालबुंद होईपर्यंत, म्हणजे साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत भाजावी लागतात. माती कायमची दगड होण्याची क्रिया ५००-६०० अंशांच्या पुढेच पुरी होते. त्याच्या आत विझलेल्या आव्यातले मडके दिसायला मडके, पण पाण्यात राहिले की पुन्हा चिखलाकडे वळते. आणि भाजून झाल्यावर आवा रात्रभर आपोआप निवू द्यावा लागतो. गरम आवा उघडला की गार वाऱ्याने मडकी टणटण करत तडकतात.

आता आपली खरेदी पाहा. अख्ख्या खान्देशाला घागर लागते ती एकाच आठवड्यात. कुंभाराने पौषात माल करून ठेवावा तर चार महिने भांडवल अडकते, जळण उधारीवर येते, आणि विकला जाईल याची खात्री नसते. म्हणून तोही शेवटच्या पंधरवड्यात एकावर एक आवे लावतो. वाळवणीचे चार दिवस कापले जातात, जळण कमी पडते, आवा गरम असतानाच उघडावा लागतो. गळणारी घागर बहुतेक वेळा अशी घाईची घागर असते. तोच हात माघात याहून चांगली घागर करतो, कारण तेव्हा हवा कोरडी, ऊन सोसण्याजोगे आणि हाताशी वेळ असतो.

उपाय साधा आहे. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून माघातच घागरी, माठ, खापर सांगून ठेवावेत आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. एकेकट्याने सांगण्यापेक्षा मिळून सांगणे बरे, कारण अर्धा भरलेला आवाही जवळपास तेवढेच जळण खातो. भाजलेले मडके आखाजीपर्यंत ठेवले म्हणून नासत नाही. गुजरात-राजस्थानातून ट्रकने येणारा, वर लाल रंग मारलेला मालही कुणा कारागिराच्याच हातचा असतो, त्याच्याशी भांडण नाही; पण तो कधी भाजला आणि कुणी भाजला हे विचारायला समोर माणूस नसतो.

निवडताना चार गोष्टी करून पाहाव्यात. घागर तळहातावर उचलून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारावी : खणखणीत आवाज आला तर भाजणी पुरी, बद्द आला तर चीर आहे किंवा कच्ची आहे. बूड सूर्याकडे करून तोंडातून आत पाहावे, सुईएवढे भोकही चमकते. आतल्या बाजूला पाण्याचा थेंब लावून बोट घासावे : बोटाला चिखल लागला तर परत ठेवावी. तसाच थेंब बाहेरून टाकावा : काही सेकंदांत शोषला गेला तर उत्तम, मोत्यासारखा टिकून राहिला तर वर ऑइलपेंट किंवा वॉर्निश आहे, आणि अशा घागरीत पाणी कधीच गार होणार नाही. काळा डाग हा दोष नाही. तिथे धूर लागला, एवढेच. तरी बाजारात डाग असलेली घागर मागे पडते आणि रंगवलेली पुढे जाते, याला काय म्हणावे!

घरी आणल्यावर ती टबात पूर्ण बुडवून एक दिवस ठेवावी. नारळाच्या काथ्याने नुसती घासावी. साबण लावू नये. छिद्रे साबण पितात आणि मग आठवडाभर पाण्याला देत राहतात. पहिली दोन भरणे झाडांना घालावीत. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात, वर स्टीलचे झाकण आणि भोवती ओट्याच्या दोन भिंती, अशा ठिकाणी माठ ठेवून तो गार करत नाही म्हणणे म्हणजे दाणे न घालता जाते फिरवण्यासारखे आहे. हिशेब असा की दहा लिटरच्या घागरीतून पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी पाझरून वाऱ्याने उडाले, तर उरलेल्या पाण्याचे तापमान सुमारे १२ अंशांनी उतरते. बाहेरची ऊब आत शिरत असते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. आपल्या ४२-४३ अंशांच्या कोरड्या उन्हात पाणी पंचवीस-सव्वीसपर्यंत सहज उतरू शकते. कोकणातल्या दमट हवेत हेच मडके निम्मेही काम करणार नाही. तेव्हा घागर बाहेरून ओलसर होते ही तक्रार नव्हे, ते तिचे कामच आहे. थेंब टपकू लागले तर मात्र तक्रार खरी.

दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी होतो त्यालाही कुंभार जबाबदार नाही. बोअरच्या जड पाण्यातला क्षार छिद्रांत बसतो आणि घागरीवर पांढरी साय धरते. अर्धी वाटी व्हिनेगर किंवा चार लिंबांचा रस पाण्यात घालून ते बाहेरून चोळावे, तासाभराने काथ्याने घासून भरपूर पाण्याने धुवावे. एवढ्याने एखादा हंगाम मिळतो. त्यानंतर घागर रोपांना द्यावी आणि नवी घ्यावी. नळाचा माठ घ्यायचा असेल तर भोक कच्च्या मातीत पाडलेले आहे की भाजल्यावर ड्रिलने, हे विचारावे. ड्रिलच्या भोकाभोवती बारीक चिरा जातात. नळाला आत-बाहेर दोन्हीकडे रबरी वायसर हवा, आणि नट हाताने आवळावा, पान्याने नाही.

खापराची तऱ्हा वेगळी. चुलीवर उपडे घातलेले हे पसरट मडके. हातावर फिरवत मोठी केलेली पुरणपोळी, म्हणजे मांडा, त्याच्या पाठीवर पडते. पाण्याच्या घागरीला बारीक माती चालते, खापराला मात्र जाड रेती किंवा जुन्या मडक्यांचा चुरा मिसळलेली माती लागते, कारण आच लागल्यावर माती फुगते आणि ती फूग सोसायला आत मोकळीक हवी. म्हणून घागर चुलीवर ठेवू नये आणि खापर मागताना ‘मांड्यांचे खापर’ असे नेमके सांगावे. नवे खापर रात्रभर भिजवून दोन दिवस सावलीत कोरडे करावे, मग अर्धा तास गोवरीच्या मंद आचेवर ठेवून हळूहळू आच वाढवावी. ओल राहिलेले खापर जाळावर गेले की फुटलेच. तापलेल्या खापरावर पाण्याचा शिपका मारू नये, काम झाल्यावर चुलीवरच निवू द्यावे. गॅसवर खापर तडकते याचे कारण जाळ चहूकडून लागण्याऐवजी मधल्या एकाच कड्यावर लागतो. मध्ये लोखंडी जाळी ठेवून, मोठ्या बर्नरवर बारीक आच करून, वीस मिनिटे वाट पाहिली तर निभते. तरी खरे खापर चुलीचेच.

आता बांबू. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागातले कोतवालिया आदिवासी आणि गावोगावचे बुरूड सूप, टोपल्या, पाट्या, दुरड्या, डालकी, कणग्या विणतात. ‘वर्षात घुण लागते’ ही यांच्याबद्दलची कायमची तक्रार. भुंगेऱ्याला बांबू नको असतो, बांबूतले पिठूळ सत्त्व हवे असते. ते कोवळ्या वेळूत आणि वेळूच्या आतल्या, पोटाकडच्या भागात जास्त असते. हिरव्या पाठीची कामटी कडक, चकचकीत आणि टिकाऊ. पोटाची कामटी फिकट, मऊ आणि किड्यांच्या पंगतीला वाढलेली. स्वस्त टोपलीत पोटाच्या कामट्याच जास्त असतात. घेताना नखाने खरवडून पाहावे : पाठीच्या कामटीवर ओरखडा उठत नाही. तीन वर्षांपुढचा वेळू, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात ठेवलेला असेल तर त्यातले सत्त्व बरेच निघून जाते. कारागिराला हे ठाऊक असते. ऐन लग्नसराईत ‘परवा पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो तीन आठवडे बांबू भिजवणार कसा?

काठ पाहावा. सूप मोडते ते काठापासून. वेळूच्याच पट्टीने जवळजवळ आवळलेला काठ चांगला. प्लास्टिकच्या पट्टीने चार ठिकाणी बांधलेला उन्हाने ठिसूळ होऊन सुटतो, आणि तारेचा बोटे कापतो. धान्याच्या पाटीला मेथीचा लेप द्यावा. १०० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून वाटायची, दोन दिवस भिजवलेल्या कागदाचा ओंजळभर लगदा त्यात मळायचा, आतून-बाहेरून पातळ थापायचा आणि सावलीत वाळवायचा. लेप जाड झाला तर पोपडे सुटतात. कागद शाळेच्या वहीचा कोरा घ्यावा; वर्तमानपत्राची शाई धान्यात उतरते (संपादक महाशय, क्षमस्व). पावसाळ्यात काळी बुरशी धरली तर धुऊन कडक उन्हात दोन दिवस ठेवावे. चुलीच्या धुरावर टांगलेल्या टोपल्यांना किडा लागत नाही, हे आपल्या आज्यांना पक्के माहीत होते. शोभेच्या वस्तूंना बोरॅक्स-बोरिकचे पाणी चालते, पण भाकरीच्या दुरडीला ते लावू नये.

बांबू कुठून आणायचा ही विणणाऱ्यांची मोठी अडचण. भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, म्हणजे शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याची आडकाठी राहिली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात मोडतो. बांधावर मानवेल जातीच्या बांबूची दहा बेटे लावणारा शेतकरी आणि शेजारच्या गावातला विणकर यांची गाठ पडणे हे टोपल्यांच्या दहा प्रदर्शनांपेक्षा जास्त कामाचे आहे.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पाटा, वरवंटा, खलबत्ता घेताना वजन पाहावे आणि लिंबाचा थेंब टाकावा. फेसाळला तर बहुधा सिमेंट; आपला काळा दगड फेसाळत नाही. नव्या पाट्यावर जाडसर तांदूळ तीन-चार वेळा वाटून फेकावा, करडी कचकच थांबेपर्यंत. गुळगुळीत झाला की नवा आणू नये, टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टाचून घ्यावी. तेवढीच पाथरवटाला मजुरी. लोखंडी तवा राखेने घासून, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवावा, असे चार वेळा. तेल जाड लागले तर चिकट थर बसतो आणि कळण्याची भाकरी उचटत नाही. भरीत ठेचायची लाकडी बडगी (कुणी बडजी म्हणतात) एकसंध, पुरत्या वाळलेल्या लाकडाची हवी. ती पाण्यात भिजत ठेवली की उलते. शिंदीच्या केरसुणीची पाने पहिले काही दिवस गळतात, म्हणून ती आधी अंगणात वापरावी, मग घरात. गोधडी घेताना आतले थर सुती आहेत का ते कोपरा उसवून पाहू द्या असे सरळ सांगावे. पॉलिस्टर साड्यांचे थर आत सरकतात आणि गोळे होतात. पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या बायकांच्या गोधड्या परदेशापर्यंत गेल्या आणि ते काम उभे करणाऱ्या नीलिमा मिश्रा यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपल्याच भागात किती जणांना आठवते कोण जाणे.

भावाचे बोलू. घासाघीस करायला हरकत नाही, पण आधी हिशेब करावा. कारागिराला विचारावे, दिवसाला असे किती नग होतात? आपल्या गावातल्या शेतमजुरीचा रोज त्या संख्येने भागावा, वर कच्च्या मालाचा खर्च धरावा. समजा रोज ४०० रुपये आहे आणि दिवसाला दोन सुपे होतात, तर एका सुपाची मजुरीच २०० झाली. बांबू, वाहतूक, बाजारात बसलेला दिवस हे वेगळे. याच्या खाली मागितलेला भाव म्हणजे रोजंदारीपेक्षा कमी पैशात कसब मागणे आहे. मडक्यांत आणखी एक भर धरावी लागते : आव्यात फुटलेल्या नगांची. त्यांची किंमत शाबूत मडक्यांवरच पडणार.

कारागीर ओळखीचा असेल तर एवढे त्याच्या कानावर घालावे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार, लोहार, सुतार, पाथरवट, टोपली-चटई-झाडू करणारे येतात. प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांचे कर्ज मिळते. नोंदणी सीएससी केंद्रावर अंगठा देऊन होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. चाक फिरवून, वेळू सोलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र घेत नाही आणि माणूस तिथूनच परत फिरतो. अशा वेळी सोबत कुणी शिकलेले असले तर आधारमधले ठसे आधी अद्ययावत करून घेता येतात.

आता आपल्या दैनिकाला एक विनंती. यात्रांचे वेळापत्रक आपण दरवर्षी छापता : सारंगखेडा, मुक्ताईनगर, अमळनेर. तसेच पौषाच्या शेवटी तालुकावार एक चौकट छापावी. कोणत्या गावात आवा लागतो, मांड्यांचे खापर कुठे होते, पाठीच्या कामटीची सुपे कोण विणतो, टाकी कोण लावतो, आणि प्रत्येकाच्या संमतीने त्याचा फोन नंबर. सोबत एक ओळ ‘ऑर्डर केव्हापर्यंत द्यावी’ अशी असावी. घागरीसाठी माघ वद्य, सुपासाठी मालाच्या आधी किमान सव्वा महिना. पाऊस लागला की आवे बंद होतील, तेव्हा नावे गोळा करायला हे चार महिने मोकळेच आहेत.

आपले,
घरात मातीची व बांबूची भांडी वापरणारे काही वाचक,
अमळनेर, जि. जळगाव